शंकरपट परत आला, पण त्यातला बैल शेतात उरलाय का?

जानेवारी लागला की अमरावती-अकोल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. धुळीचा लोट, हलक्या छकड्यावर वाकून बसलेला धुरकरी, बाजूला घड्याळाचे आकडे आणि लाऊडस्पीकरवर जोडीचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव.

हा शंकरपट. विदर्भातली बैलजोडीची शर्यत.

मधली काही वर्षं हा पट कायद्यानं बंद होता. २०२१ च्या डिसेंबरात तो परत सुरू झाला आणि गावातल्या तरुण पोरांनी तो पुन्हा डोक्यावर घेतला. पण याच काळात गावातले गोठे मात्र रिकामे होत गेले. पटावर बैल पाहायला हजारो माणसं जमतात आणि त्याच गावात डवरणीला जोडी मिळत नाही.

शंकरपट नेमका काय असतो, त्यावर बंदी का आली, ती कशी उठली आणि तो जपल्यानं शेती जपली जाते का, हे एक एक करून बघू.

शंकरपट म्हणजे काय?

पट म्हणजे शर्यतीचं मैदान आणि त्यावर होणारी शर्यतसुद्धा. बैल म्हणजे नंदी, नंदी म्हणजे शंकराचं वाहन, म्हणून शंकरपट, असं नावामागचं कारण सांगतात. खरिपाचं पीक घरात आलं, शेतातली कामं ओसरली की हिवाळ्यात पट भरतात. मकरसंक्रांत ते महाशिवरात्र हा त्यांचा मुख्य हंगाम.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यतींपेक्षा याची पद्धत वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडा शर्यत घाटात होते. तिथं चार बैल असतात आणि त्यांच्या पुढं घोडी पळते. विदर्भातल्या पटात दोनच बैल, एक हलका छकडा आणि एक धुरकरी. काही ठिकाणी शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखून दोन जोड्या एकदम सोडतात. काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर पळते आणि ज्या जोडीला सगळ्यात कमी वेळ लागेल ती जिंकते. धाव काही सेकंदांची असते, त्यामुळे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो.

अमरावती जिल्ह्यातला सगळ्यात नावाजलेला पट तळेगाव दशासरचा. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं हे गाव. कृषक सुधार मंडळ हा पट भरवतं. इथं महिलांचाही शंकरपट होतो. छकड्यावर बाई बसते, कासरा तिच्याच हातात असतो आणि जोडी तीच पळवते.

पूर्व विदर्भात भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचा पट असाच प्रसिद्ध आहे. तिकडं दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असा बेत असतो. पटाच्या निमित्तानं पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. त्यामुळे पट बंद झाला तेव्हा शर्यतीबरोबर गावाचं वर्षातलं मोठं निमित्तही गेलं.

पटावर ऐकू येणारे शब्द

पहिल्यांदा पट पाहायला गेलात तर हे शब्द माहीत असलेले बरे.

• धुरकरी: जोडी हाकणारा किंवा हाकणारी.
• जोडी: एकत्र जुंपले जाणारे दोन बैल. एक कितीही वेगवान असला तरी दुसऱ्याची चाल जुळली नाही तर उपयोग नसतो.
• छकडा: शर्यतीची हलकी दोनचाकी गाडी. शेतमाल वाहायची ती बंडी.
• कासरा: बैलाच्या वेसणीला बांधलेला लगामाचा दोर.
• जू: दोन्ही बैलांच्या खांद्यावर येणारं आडवं लाकूड.

यातला एकही शब्द खास शर्यतीसाठी तयार झालेला नाही. हे सगळे शेतातले शब्द आहेत. जोडी शेतात चालायची म्हणूनच ती पटावर पळायची.

बंदी का आली आणि कशी उठली?

याचा इतिहास थोडा लांब आहे, म्हणून तारखेवार बघू.

• ११ जुलै २०११: केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता येणार नाही आणि लोकांपुढं आणता येणार नाही, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्यासोबत बैलही आला.
• ७ मे २०१४: तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बंद झाल्या.
• २०१७: तमिळनाडूतल्या मोठ्या आंदोलनानंतर तिथल्या सरकारनं कायदा बदलला. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. पण मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत.
• १६ डिसेंबर २०२१: सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली.
• १८ मे २०२३: पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

२०१४ च्या निकालातला मुद्दा पटप्रेमींनीही समजून घ्यायला हवा. बैलाचं शरीर ओढकामासाठी घडलेलं आहे, घोड्यासारखं शर्यतीत पळण्यासाठी नाही, आणि वेदना किंवा भीती दिल्याशिवाय तो तसा पळत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. शेपूट पिरगाळणं, टोचणी लावणं, विजेचा धक्का देणं असे प्रकार होत होते, हे नाकारण्यासारखं नव्हतं.

२०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की राज्यांनी केलेल्या कायद्यांमुळे आणि नियमांमुळे प्राण्यांचा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो. हा खेळ परंपरेचा भाग आहे की नाही, हे विधिमंडळानं ठरवलं आहे आणि त्यात न्यायालय ढवळाढवळ करणार नाही.

म्हणून आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यातलं काहीही चालत नाही. परवानगी नियमांच्या जोरावर मिळालेली आहे, त्यामुळे नियम मोडणारा एक व्हिडिओसुद्धा पटाच्या विरोधातला पुरावा ठरू शकतो. मोबाईल घेऊन पटावर उभ्या असलेल्या प्रत्येक पोरानं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सात वर्षांत काय तुटलं?

२०१४ ते २०२१ ही सात वर्षं कागदावर छोटी वाटतात. बैलाच्या हिशेबानं ती मोठी आहेत.

गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला की त्याला जुंपायला शिकवतात. ऐन उमेदीची त्याची वर्षं मोजकीच असतात. म्हणजे २०१४ मध्ये जोमात पळणारी जोडी २०२१ पर्यंत म्हातारी झाली. बंदीच्या काळात शर्यतीची एक अख्खी पिढी गोठ्यातच सरली.

माणसांचंही तेच. २०१४ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा २०२१ मध्ये एकोणीस वर्षांचा झाला. ज्या वयात बापाच्या, काकाच्या शेजारी बसून कासरा धरायला शिकायचं, त्या वयात त्याच्या गावात पटच झाला नाही. आज छकड्यावर बसणाऱ्या अनेकांना हे उशिरा आणि घाईनं शिकावं लागलं.

शिकण्यासारखं पुष्कळ असतं. गोऱ्हा निवडताना त्याचे पाय, खूर, छाती, पाठ बघायची. जोडीतला कोणता बैल कोणत्या बाजूला चालतो ते ओळखायचं. आधी रिकाम्या जुवाची सवय लावायची, मग हलक्या गाडीची. खुराक काय द्यायचा, नाल कधी ठोकायचा, खांद्याला सूज आली तर किती दिवस जू ठेवायचं नाही. हे सगळं एका पुस्तकात लिहिलेलं नाही. ते जुन्या धुरकऱ्यांच्या आणि सालदारांच्या हातात आहे आणि ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत.

बंदीतही चालू राहिला तो पोळा

पट थांबला, पण बैलाशी गावाचं नातं जपणारा एक सण चालू होता. श्रावणातल्या पिठोरी अमावस्येचा पोळा.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा हळद आणि लोण्या-तुपानं चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलांना नदी-नाल्यावर धुतात, शिंगं रंगवतात, बेगड लावतात, झूल आणि घागरमाळा घालतात. त्या दिवशी जू बंद, चाबूक बंद. संध्याकाळी सगळ्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे मोठ्यानं म्हटलेल्या यमक जुळवलेल्या ओळी. त्यात देवाचं नाव असतं, शेजाऱ्याला चिमटा असतो आणि कापसाच्या भावावरून सरकारला टोलाही असतो. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग जोडी घेऊन घरोघर जायचं, बैलांची पूजा होते आणि हाकणाऱ्याच्या हातावर बोजारा पडतो.

दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. ही विदर्भाची खास प्रथा. मुलं लाकडी नंदी सजवून आणतात, त्यांनाही बक्षिसं आणि बोजारा मिळतो. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ती चालत आली असं मानतात. हेतू सरळ होता. ज्याला उद्या खरी जोडी सांभाळायची आहे त्यानं लहानपणीच ती सजवायला शिकावं.

आता अडचण अशी आहे की तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी नंदींची रांग मोठी आणि मोठ्या पोळ्यातल्या खऱ्या बैलांची रांग छोटी, असं दृश्य अनेक गावांत दिसतं.

गोठे रिकामे का झाले?

देशपातळीवरचे आकडे पशुगणनेत आहेत. २०१२ ते २०१९ या काळात देशातली गोवंशाची एकूण संख्या जवळपास होती तिथंच राहिली, किंबहुना किंचित वाढून १९ कोटी २५ लाखांच्या घरात गेली. गायी-कालवडींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली. पण बैल, वळू, गोऱ्हे मिळून नरांची संख्या सुमारे ६ कोटी ८० लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आली. ही जवळपास ३० टक्क्यांची घट आहे. सोप्या भाषेत, सात वर्षांपूर्वी जिथं दहा होते तिथं सात उरले.

वऱ्हाडात यामागं चार-पाच कारणं एकत्र आली.

पहिलं कारण ट्रॅक्टर. नांगरणी, वखरणी, पेरणी ही कामं भाड्याच्या ट्रॅक्टरनं काही तासांत होतात. शिवाय उभा ट्रॅक्टर डिझेल पीत नाही, बसलेला बैल मात्र रोज खातो.

दुसरं कारण चारा. पूर्वी वऱ्हाडात कापसाच्या जोडीला ज्वारी असायची. ज्वारी घरात खायला आणि कडबा गोठ्यात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार मिळतं, पण ते कडब्याची जागा घेत नाही.

तिसरं कारण चराई. गावाच्या ई-क्लास जमिनी, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनी, अतिक्रमणात आणि इतर वापरात आक्रसत गेल्या.

चौथं कारण माणूस. सालदार मिळत नाही, गुरं राखायला गायकी मिळत नाही.

पाचवं कारण विक्रीचं. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हातारा बैल विकून नव्या जोडीसाठी पैसे उभे करायचा जुना मार्ग त्यामुळे अवघड झाला, असं अनेक शेतकरी सांगतात.

तरी बैल लागतो कुठे?

डवरणीला.

सोयाबीन किंवा कपाशी उगवून वर आली की दोन ओळींच्या मधलं तण काढायला डवरा चालवतात. तण मरतं, माती मोकळी होते, जमिनीतला ओलावा टिकतो. उभ्या पिकात मोठा ट्रॅक्टर घालता येत नाही. काळ्या मातीत पाऊस झाला की तो फसतो. तिथं मुसकं बांधलेली जोडी ओळीतून एका चालीनं जाते आणि पिकाला पाय लागू देत नाही.

वऱ्हाडातला कापूस उत्पादक यात आणखी एक युक्ती करायचा. शेतात उभ्या-आडव्या रेघा मारून जिथं फुली पडेल तिथं सरकी टोबायची. मग डवरा उभाही चालतो आणि आडवाही, त्यामुळे निंदणाचा खर्च वाचतो.

पण डवरणी वेळेवर व्हावी लागते. पावसानं दोन-तीन दिवस उघाड दिली, वाफसा आला की गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी जोडी हवी असते. जोड्या कमी असल्या की रांग लागते. रांगेत नंबर येईपर्यंत पुन्हा पाऊस येतो आणि मग तणनाशकाची बाटली घेऊन फवारणीला जाण्याशिवाय पर्याय राहत नाही. जोडी हाताशी नसण्याची किंमत कोरडवाहू शेतकरी अशी मोजतो.

शेतातलं काम खेळ झाला की काय होतं?

हा प्रश्न फक्त वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेतला रोडिओ हा असाच खेळ आहे. गुरं राखणारे काउबॉय घोड्यावरून दोर टाकून वासरू पकडायचे. ते त्यांचं रोजचं काम होतं. त्याच कामाच्या स्पर्धा लागल्या, पुढं त्यांचा व्यवसाय झाला. प्राण्यांना होणाऱ्या त्रासावरून तिकडंही वाद होतात.

पण तिथं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट उभी राहिली. १९०२ मध्ये ओहायो राज्यात शाळकरी मुलांचं शेतीमंडळ सुरू झालं. अशाच मंडळांतून पुढं फोर-एच ही चळवळ वाढली. १९२८ मध्ये शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एफएफए ही संघटना स्थापन झाली. या मंडळांतली मुलं एखादं वासरू, डुक्कर किंवा मेंढी स्वतः वाढवतात, खाद्याचा आणि खर्चाचा हिशेब वहीत ठेवतात आणि जिल्ह्याच्या जत्रेत ते जनावर परीक्षकांपुढं उभं करतात. तिथं वेगाला नव्हे, जनावर कसं वाढवलं याला बक्षीस मिळतं.

वऱ्हाडात याच्या जवळ जाणारी एक व्यवस्था आहे आणि तिचं केंद्र अकोल्यात आहे.

अकोल्याचे कृषिदूत आणि कृषिकन्या

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते पंजाबराव २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मले. शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढं १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते.

या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एका सत्रासाठी गावात जातात. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. ते शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन मातीचा नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क कसा करायचा, बियाण्याला प्रक्रिया कशी करायची ते दाखवतात. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची साधी रीतही दाखवतात. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे, काही दिवसांनी मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं आहे.

यात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शकते. विद्यार्थ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल वाचायची समज आहे. गावातल्या म्हाताऱ्या धुरकऱ्याकडे बैलाची चाल वाचायची समज आहे. पहिल्या ज्ञानाला परीक्षा आणि पदवी आहे, दुसऱ्याला अजून वहीसुद्धा नाही. कृषिदूतांनी सत्राच्या कामात गावातल्या एका जोडीची नोंद केली, म्हणजे जात, वय, खुराक, वर्षात किती दिवस काम आणि किती खर्च, तर काही वर्षांत वऱ्हाडातल्या बैलांबद्दल मोठी माहिती हाताशी येईल.

मग शंकरपट शेती वाचवतो का?

उत्तर थोडं हो आणि थोडं नाही असं आहे.

पटामुळे गोऱ्ह्याला किंमत येते. ट्रॅक्टरच्या काळात ज्या गोऱ्ह्याला कोणी विचारत नाही, तो चपळ निघाला तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. गवळाऊसारख्या जातीला त्याचा फायदा होऊ शकतो. वर्धा-नागपूर हे या पांढऱ्या, उंच, चपळ जातीचं मूळ ठाणं. मराठ्यांच्या काळात जलद वाहतुकीसाठी ती वापरली जायची असं सांगतात. पटामुळे विशीतला पोरगा गोठ्यात थांबतो, शेण काढतो, नाल ठोकायला शिकतो, हेही खरं आहे.

पण पटाची जोडी आणि शेतातली जोडी आता वेगळ्या होत चालल्या आहेत. पटाला काही सेकंदांचा जोर लागतो. डवरणीला दिवसभर एकसारखी चाल लागते. पटाच्या बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ खाऊ घालणारे मालक त्याला डवऱ्याला जुंपत नाहीत. म्हणजे गावात पटाच्या दोन-चार जोड्या असल्या तरी जुलैतली रांग काही कमी होत नाही.

यावर उपायाची बीजं गावातच आहेत. अनेक पटांमध्ये खुल्या गटाशिवाय स्थानिक शेतकऱ्यांच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात. पोळ्याला चांगल्या राखलेल्या जोडीला बक्षीस देण्याची पद्धतही जुनी आहे. ही बक्षिसं मोठी केली आणि वर्षभर शेतात राबलेल्या जोडीसाठी राखली, तर पटाची गर्दी आणि पैसा त्या बैलापर्यंत पोचेल. तरुणांनी गट करून दोन-तीन जोड्या सांभाळल्या आणि त्या डवरणीला भाड्यानं दिल्या, तर बैलाच्या खाण्याचा खर्च एकट्याच्या डोक्यावर पडणार नाही.

पट पाहायला गेलात तर पळणाऱ्या जोडीचा व्हिडिओ जरूर काढा. मग मालकाला एवढंच विचारा की ही जोडी यंदा डवऱ्याला चालली का. तो हो म्हणाला तर त्या बैलाचा खांदा नीट बघा. जुवाचा घट्टा पडलेला असेल. खांदमळणीचं लोणी लावतात ते त्याच खांद्यावर.